लगोरीचे सात थर : कर्जत-खालापूरच्या खाचरांतला एक इतिहास

भाताची कापणी आटोपली, भारे खळ्यावर गेले, की कर्जत आणि खालापूर तालुक्यांतली खाचरे रिकामी होतात. दिवाळीनंतर महिन्या-दीड महिन्यात चिखल आळून जमीन टणक होते, बांधावरचे गवत पिवळे पडते, आणि पुढच्या पेरणीपर्यंत या चौकोनी तुकड्यांना मालक असला तरी काम नसते. मग त्यांतल्याच एखाद्यात सात चपट्या दगडांची उतरंड उभी राहते. सर्वांत रुंद दगड तळाशी, सर्वांत लहान माथ्यावर. काही पावलांवर एक रेघ. रेघेमागे चेंडू घेतलेला एक मुलगा, उतरंडीमागे झेलायला टपलेला दुसरा, आणि भोवती जितकी मुले त्या संध्याकाळी मोकळी असतील तितकी.

हा धागा त्या उतरंडीविषयी आहे. लगोरी, आबाधुबी, विटीदांडू, डबा ऐसपैस, सागरगोटे : फेकण्या-झेलण्याच्या या खेळांनी आपली दप्तरे ठेवली नाहीत. राजे, लढाया, किल्ले यांच्याप्रमाणे त्यांच्यामागे बखर नाही. तरीही त्यांचा इतिहास शोधता येतो. तो कोठे शोधायचा, आणि कोठे शोधायचा मोह टाळायचा, हा येथला प्रश्न.

आधी मोहाविषयी. दर वर्षी एक मजकूर समाजमाध्यमांवर फिरतो : लगोरी पाच हजार वर्षे जुनी असून श्रीकृष्ण ती खेळत असे, भागवतात तसा उल्लेख आहे. भागवताच्या दशम स्कंधातील अठराव्या अध्यायात गोपबालांच्या खेळांचे मोठे रम्य वर्णन आहे, हे खरे. ही मुले बेलफळे आणि आवळे घेऊन खेळतात, एकमेकांना शिवायला धावतात, पशुपक्ष्यांची नक्कल करतात. हरलेल्या गड्यांनी जिंकलेल्यांना पाठीवर वाहून न्यायचे, ही पैजही तेथे आहे; प्रलंबासुराचा वध या पैजेतूनच घडतो. मात्र सात दगडांची रास आणि ती फोडणारा चेंडू तेथे नाही. शिवाय भागवताची रचना बहुतेक अभ्यासक नवव्या-दहाव्या शतकाच्या सुमाराची मानतात. ग्रंथात वर्णिलेला काळ आणि ग्रंथ लिहिला गेला तो काळ यांत फरक करणे ही इतिहासाच्या विद्यार्थ्याची पहिली इयत्ता.

भागवतातून लगोरी निघत नाही. पण निघते तेही कमी मोलाचे नाही. हजारएक वर्षांपूर्वीच्या कवीला मुलांचे खेळ वर्णन करण्याजोगे वाटले, आणि हरलेल्याने जिंकलेल्याचा घोडा व्हायचे हा दंड त्याला ठाऊक होता. महाराष्ट्रातल्या गावांत तो दंड अजून वसूल होतो.

दुसरे उदाहरण याहून बोलके आहे. महाभारताच्या आदिपर्वात कुरुकुमार खेळत असताना त्यांची एक वस्तू कोरड्या विहिरीत पडते आणि द्रोणाचार्य गवताच्या काड्या एकीत एक रोवून ती बाहेर काढतात. गोष्टींच्या पुस्तकांत ही वस्तू चेंडू असते. मूळ संहितेत शब्द आहे ‘वीटा’. या शब्दावर टीका लिहिताना नीलकंठ चतुर्धर सांगतात की हा जवाच्या आकाराचा, वीतभर लांबीचा लाकडी तुकडा असून मुले तो हातभर दांड्याने उडवतात. नीलकंठांचे घराणे गोदाकाठच्या कोपरगावचे. ते काशीत राहिले आणि सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांनी महाभारतावर ‘भारतभावदीप’ ही टीका रचली. व्यासांच्या मनात कोणती वस्तू होती, याविषयी कोशकारांत मतभेद आहेत. काही जण वीटा म्हणजे धातूचा गोळा असे मानतात. म्हणून ‘महाभारतकाळी विटीदांडू होता’ असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. सतराव्या शतकातल्या एका मराठी पंडिताला मात्र संस्कृत महाकाव्य वाचताना विटीदांडू ओळखू आला, एवढे निश्चित म्हणता येते. पुरावा त्याच्या काळाचा आहे, पांडवांच्या काळाचा नव्हे. आणि त्याच्या काळापुरता तो भक्कम आहे.

याच शतकाच्या पूर्वार्धात देहूत तुकाराम होते. त्यांच्या गाथेत खेळांवरच्या अभंगांचा एक गटच आहे. त्यात विटुदांडू आहे आणि चेंडूफळीही आहे. एकनाथांनी त्याआधीच फुगडी आणि हमामा यांना भारुडांत आणले होते. संतांनी हे खेळ रूपक म्हणून वापरले, आणि रूपक तेव्हाच चालते, जेव्हा ऐकणाऱ्याला मूळ वस्तू समजावून सांगावी लागत नाही. चेंडूफळी म्हणजे काय, हे कीर्तनाला बसलेल्या कुणब्याला विचारावे लागत नव्हते.

आता ग्रंथ मिटून वस्तूंकडे वळू. लगोरीला दोनच वस्तू लागतात, रचायला काहीतरी चपटे आणि फेकायला काहीतरी गोल. दोहोंनाही स्वतंत्र इतिहास आहे.

सह्याद्रीचा काळा पाषाण मुबलक. पण नदीच्या पात्रात मिळणारा गोटा घासून गुळगुळीत, वाटोळा झालेला असतो. उल्हास नदीकाठचे गोटे सातांच्या थराला फारसे उपयोगी नाहीत. चपटी कपची हवी. ती डोंगराच्या उतारावर, फुटलेल्या कातळाशी मिळते, किंवा घराच्या छपरावरून पडते. या भागातली जुनी घरे कुडाच्या भिंतींची. कारवीच्या काठ्या आणि त्यांवर माती. वर गवत, नाहीतर गावच्या कुंभाराने घडवलेली नळीची कौले. नळीचे कौल अर्ध्या पन्हाळीसारखे वाकडे. त्याची खापरी एकावर एक नीट बसत नाही. १८६५ मध्ये बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना घातला आणि पुढच्या काही दशकांत ते सपाट, साच्यातले तांबडे कौल पश्चिम किनाऱ्यावरच्या गावागावांत पोचले. फुटलेल्या मंगळुरी कौलाचा तुकडा दगडावर घासून गोल केला, की लगोरीला त्याच्यासारखा थर नाही. जर्मन-स्विस मिशनऱ्यांनी कारखाना काढताना हा उपयोग नक्कीच मनात धरला नसणार. लगोरीचे तेलुगू नाव ‘एडु पेंकुलाट’ म्हणजे शब्दशः सात खापऱ्यांचा खेळ. तमिळ आणि मल्याळम नावांत ‘सात दगड’ आहेत, राजस्थानी ‘सतोलिया’तही सात आहेतच. आकडा सर्वत्र तोच, साहित्य ज्याचे त्याचे.

चेंडूची गोष्ट अधिक गुंतागुंतीची. खेडोपाडी चेंडू म्हणजे चिंध्यांचा गोळा, वरून सुतळी किंवा दोऱ्याची घट्ट वीण. असा चेंडू लागला तर कळतो, पण उसळत नाही. आज लगोरीचा जो नियम बहुतेक ठिकाणी सांगितला जातो, त्यानुसार फेकलेला चेंडू एका टप्प्यावर झेलला गेला तर फेकणारा बाद. हा नियम उसळत्या चेंडूशिवाय संभवतच नाही. रबरात गंधक घालून तापवले असता ते टिकाऊ आणि लवचीक होते, हे चार्ल्स गुडइयर याच्या लक्षात आले १८३९ मध्ये. आणि स्वस्त रबरी चेंडू सर्वसामान्यांच्या हाती येण्यास त्यानंतर कित्येक दशके गेली. तेव्हा आजच्या रूपातली लगोरी, म्हणजे टप्प्याचा झेल असलेली लगोरी, रबराच्या युगातली मानणे अधिक सयुक्तिक.

यावर एक आक्षेप येऊ शकतो आणि तो रास्त आहे. दंडीच्या ‘दशकुमारचरिता’त, म्हणजे सातव्या-आठव्या शतकाच्या सुमारास, दामलिप्तची राजकन्या कंदुकावती कंदुकोत्सवात चेंडू खेळते, तो जमिनीवर टाकला की वर येतो आणि ती तो तळहाताने पुन्हा हाणते. उसळणारा चेंडू प्राचीन भारताला अपरिचित नव्हता. परंतु राजकन्येचा कंदुक आणि भाताच्या खाचरातला चिंध्यांचा गोळा यांत जे अंतर आहे, तेच सामाजिक इतिहासाचे क्षेत्र. एखादी वस्तू अस्तित्वात असणे आणि ती गुराख्याच्या पोराला परवडणे, या दोन वेगळ्या तारखा असतात.

रबरी चेंडूने आणखी एक बदल घडवला असावा. आबाधुबीत (कोठे तिला धबाधबी म्हणतात, मुंबईच्या बाजूला अप्पारप्पी) ना संघ, ना रेघ. ज्याच्या हाती चेंडू त्याने दुसऱ्याच्या पाठीत रपकन हाणायचा, आणि ज्याने तो झेलला किंवा उचलला त्याची पाळी. चिंध्यांच्या चेंडूने हा खेळ हसण्यावारी जातो. भिजलेल्या रबरी चेंडूने पाठीवर वळ उठतो. ‘गुडघ्याखालीच मारायचे’, ‘डोक्याला लागले तर मारणाऱ्यावर राज्य’ अशा अटी ठिकठिकाणी ऐकू येतात, त्यांचा जन्म वेदनेतून झाला असेल तर नवल नाही.

‘राज्य’ हा शब्द येथे सहज येऊन गेला. मराठी मुलांच्या भाषेत ज्याच्यावर राज्य येते, तो एकटाच सर्वांमागे धावतो, सर्वांचे टोमणे ऐकतो, आणि त्यातून सुटण्याची धडपड करतो. राजपदाविषयी इतके परखड मत मराठीच्या एखाद्या राजनीतिपर ग्रंथात क्वचितच सापडेल.

शब्दांचाच विषय निघाला, तर विटीदांडूत मोजणीचे जे शब्द आहेत, त्यांच्याइतका विलक्षण ऐवज दुसरा नाही. वकट, लेंड, मूंड, नाल, आर, डोळा, झंकू. प्रत्येक शब्दाला विटी उडवण्याची वेगळी तऱ्हा. पायाच्या पंजावरून, मुठीवरून, डोळ्यावरून. गावागणिक उच्चार बदलतात, कधी क्रमही हलतो. आता तेलुगू आकडे मोजून पाहावेत : ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु. पहिल्या चारांची ओळख पटायला भाषाशास्त्राची पदवी नको. पाचव्यापासून मात्र घोटाळा होतो. ‘आरु’ म्हणजे तेलुगूत सहा, आणि आपल्याकडे ‘आर’ पाचवा. ‘डोळा’ तर उघडच मराठी. ऐकून ऐकून शिकलेल्या परक्या भाषेचे आकडे चारापर्यंत शाबूत राहावेत आणि पुढे मुलांनी स्वतःचे घालावेत, यात अस्वाभाविक काही नाही.

हे शब्द आले कोठून? कर्जत-खालापूरच्या संदर्भात एक उत्तर चटकन सुचते. १८५६ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे खोपोलीपर्यंत आली. पुढे बोरघाट चढवून १८६३ मध्ये ती खंडाळ्याला भिडली. त्या कामावर ऐन भरात चाळीस हजारांहून अधिक मजूर होते, आणि ते दूरदूरच्या मुलखांतून आलेले होते. तेलुगू मजुरांच्या मुलांनी घाटाखालच्या मुलांना ‘ओकटि, रेंडु’ शिकवले, ही कल्पना मोहक आहे. ती टिकत मात्र नाही. हेच शब्द पुण्यात आहेत, देशावर आहेत, जेथे बोरघाटाचा मजूर कधी गेला नाही अशा गावांतही आहेत. एका घाटाच्या बांधकामाने साऱ्या महाराष्ट्राला शब्द पुरवले, असे मानण्यापेक्षा मराठी आणि तेलुगू मुलखांची सीमा शतकानुशतके पाझरत होती, सैनिक, गवंडी, व्यापारी, पाथरवट आणि त्यांची लेकरे इकडून तिकडे जात होती, असे मानणे अधिक सावध. सुरेख गोष्ट आणि खरी गोष्ट यांतून निवड करायची वेळ इतिहासात वारंवार येते.

इंग्रजीने दिलेला शब्द मात्र लपून राहिलेला नाही. ‘डबा ऐसपैस’ मध्ये इंग्रजी ‘आय स्पाय’ आहे, हे बहुतेकांना माहीत असते. त्या परक्या शब्दाला मराठीत आधीपासून असलेल्या ‘ऐसपैस’ या शब्दाचे आयते घर मिळाले, ही त्यातली गंमत. खेळाचा सांगाडा तर आणखी जुना दिसतो. सूरपारंब्यांत एक गडी पायाखालून काठी दूर भिरकावतो. राज्य असलेला ती आणायला धावतो, तोवर बाकीचे वडाच्या पारंब्यांना लटकून झाडावर चढतात. डबा ऐसपैसमध्ये काठीच्या जागी डबा आला आणि झाडावर चढण्याच्या जागी लपणे आले. वड नसलेल्या चाळींच्या अंगणात, स्थानकामागच्या वस्तीत हाच खेळ खेळता येतो. डबा तरी कोठला? घासलेटचा, पुढे वनस्पती तुपाचा. ‘डालडा’ बाजारात आला १९३७ मध्ये. पत्र्याचा रिकामा डबा ही औद्योगिक युगाने खेड्यातल्या मुलांना दिलेली पहिली फुकट वस्तू म्हणता येईल, आणि लाथेसरशी तो जो आवाज करतो तो काठीने कधीच केला नसता.

एव्हाना वाचकांच्या लक्षात आले असेल की आतापर्यंतचा सारा खेळ खाचरात, माळावर, अंगणात चालला आहे. पण घाटाखालच्या या पट्ट्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जून ते सप्टेंबर मैदान नावाची गोष्ट नसते. तेव्हा खेळ पडवीत येतो, आणि पडवी बहुधा मुलींची असते.

सागरगोटे हा झेलण्याचा सर्वांत कठीण खेळ, हे मान्य करायला मुलांना वेळ लागतो. सागरगोटा म्हणजे एका काटेरी वेलीची करड्या रंगाची टणक बी; कोकणात कुंपणाला ही वेल असते, आणि बी पोटदुखीवर, तापावर घरगुती औषध म्हणून वापरतात. बिया जमिनीवर पसरायच्या, एक हवेत उडवायची, ती खाली येण्याच्या आत पडलेल्यांतली एक, मग दोन, मग तीन उचलायच्या आणि वरचीही झेलायची. शेवटी सगळ्या एकदम उडवून हाताच्या पालथ्या पंजावर घ्यायच्या. बिया न मिळाल्यास खडे चालतात.

दुसऱ्या शतकातला ग्रीक कोशकार पोलक्स याने ‘पेंटेलिथा’ या स्त्रियांच्या खेळाची नोंद केली आहे : पाच खडे उडवायचे, पालथ्या हातावर झेलायचे, आणि जे निसटतील ते उरलेले हातावर तोलून बोटांनी उचलायचे. त्याच कोशात ‘ओस्ट्राकिंडा’ आहे. शिंपल्याची किंवा खापरीची एक बाजू काळी करायची, ती उडवायची, आणि ‘रात्र की दिवस’ यावर कोणत्या संघाने पळायचे ते ठरवायचे. खालापूरच्या माळावर डाव कोणाचा हे ठरवताना खापरीच्या एका बाजूला थुंकी लावून ती उडवतात आणि विचारतात, ‘ओली की सुकी?’ ग्रीसमधून हा खेळ चौलच्या बंदरात उतरला असा सिद्धान्त येथे कोणी मांडू नये. नाणे परवडत नाही अशा मुलांनी दोन ठिकाणी एकच तोडगा काढला, एवढेच पुरे आहे, आणि पुरेसे सुंदर आहे.

या खेळांच्या इतिहासात सर्वांत मोठी घटना घडली ती विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, आणि तिच्यात चेंडूचे खेळ मागे राहिले.

क्रिकेट तोवर मुंबईत रुजले होते. पारशांचा ओरिएंटल क्लब १८४८ मधला. क्रिकेटला मराठीत नाव हवे होते, आणि वृत्तपत्रांनी हाताशी असलेले नाव उचलले : चेंडूफळी. तुकारामांच्या गाथेतला शब्द इंग्रजांच्या खेळाला गेला. देशी चेंडूफळी नेमकी कशी खेळत, हे आज सांगणे अवघड होऊन बसले आहे, त्याचे एक कारण हेही असावे. नाव दुसऱ्याच्या अंगावर गेले की मूळ धन्याला हाक मारायची सोय उरत नाही.

दुसरीकडे, परदेशी खेळांसमोर देशी खेळ उभे करण्याची चळवळ सुरू झाली. पुण्यात डेक्कन जिमखान्याने १९१४ मध्ये खो-खोचे नियम बांधले. बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने १९२३ मध्ये हुतुतूला नियम दिले. अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने ते काम पुढे नेले. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. त्याच वर्षापासून बडोद्याहून दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांच्या संपादनाखाली ‘व्यायाम ज्ञानकोशा’चे दहा खंड निघू लागले. ज्यांनी हे केले त्यांच्याविषयी कृतज्ञताच हवी. त्यांच्यामुळे हुतुतू आणि खो-खो जगले.

मग लगोरी का नाही? खो-खोला दोन खांब आणि काही रेघा पुरतात. हुतुतूला तेही नको. गडी मोजता येतात, घड्याळ लावता येते, पंच शिट्टी वाजवू शकतो. लगोरीत दगड कोणत्या मापाचा, चेंडू केवढा, चेंडू ओढ्यात गेला तर काय, उतरंड ‘नीट’ लागली हे कोण ठरवणार, या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर गावावर अवलंबून. काही ठिकाणी थर लावून झाल्यावर भोवती बोटाने वर्तुळ ओढावे लागते, काही ठिकाणी ‘लगोरी!’ किंवा ‘लिंगोरचा!’ एवढा पुकारा पुरतो. नंतरच्या काळात लगोरीसाठीही नियम लिहिले गेले, स्पर्धाही झाल्या. पण खो-खोला मिळालेले स्थान तिला मिळाले नाही.

आणि एक नियम असा आहे, जो कोणत्याही नियमावलीत बसवता येणार नाही. तो म्हणजे कच्चा लिंबू.

मोठ्या भावंडाच्या मागे लागून एखादे चार-पाच वर्षांचे पोर खेळायला येते. त्याला घरी पाठवता येत नाही, कारण ते रडेल, आणि रडले तर आई सर्वांनाच आत बोलावील. संघात घेता येत नाही, कारण ते धावू शकत नाही. तेव्हा ते कच्चा लिंबू होते. खेळते, धावते, ओरडते. पण बाद झाले तरी बाद नसते, त्याच्यावर राज्य येत नाही. काही ठिकाणी त्याला लिंबूटिंबू म्हणतात. ही एक पूर्ण विचारान्ती केलेली तडजोड आहे : स्पर्धा बिघडू द्यायची नाही आणि कोणाला वगळायचेही नाही. नऊ गड्यांच्या खो-खोत दहावा, बाद न होणारा गडी असू शकत नाही. पंचाला तो दिसताच खेळ थांबवावा लागेल. शिस्तबद्ध क्रीडेने जे कमावले ते थोडे नाही. तिच्या हिशेबात जे कोठेच लिहिले गेले नाही, त्यात हे पोर आहे.

कर्जत तालुका त्या काळात कागदोपत्रीही फिरत होता. १८८२ चे गॅझेटिअर पाहायचे तर तो ठाणे जिल्ह्याच्या खंडात शोधावा लागतो. १८९१ मध्ये तो कुलाब्यात आला आणि १९८१ मध्ये कुलाब्याचा रायगड झाला. साहेबाच्या खंडांना महसूल, पिके, जंगल, घाट आणि जाती महत्त्वाच्या. मुलांच्या चेंडूवर सारा बसत नव्हता.

तरी सरकारने आणि कंपन्यांनी जे केले, त्याचा या चेंडूवर परिणाम झालाच. भिवपुरीचे टाटांचे जलविद्युत केंद्र १९२२ मध्ये सुरू झाले. घाटमाथ्यावरच्या धरणाचे पाणी वीज करून पेज नदीत येते आणि बारमाही वाहते. पुढे त्यावर राजनाला कालवा झाला आणि कर्जतच्या काही गावांत उन्हाळी भाताचे दुसरे पीक निघू लागले. शेतकऱ्याच्या घरात त्याने चार पैसे आणले, यात शंका नाही. पण ज्या गावाला कालव्याचे पाणी आहे, त्या गावाचे खाचर हिवाळ्यात रिकामे राहत नाही. ज्याला नाही, तेथे ते जूनपर्यंत मुलांचे. कालवा नकाशावर काढला, तर खेळाच्या मैदानांचाही अर्धा नकाशा त्याबरोबर निघेल. उरलेला अर्धा काढण्यासाठी मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, त्याच्या दोहो अंगांना वाढलेल्या वसाहती आणि कुंपण घातलेली फार्महाउसे यांची कागदपत्रे चाळावी लागतील. खालापूर तालुक्यात २०१३ पासून तिकीट काढून आत जायचे एक भव्य मनोरंजन उद्यानही आहे. तेथे कच्च्या लिंबासाठी उंचीची पट्टी असते.

बांधकामांनी मैदाने घेतली, पण थराला नवे साहित्य दिले. मंगळुरी कौले उतरून पत्रे आणि स्लॅब आले, तशी खापरी दुर्मीळ झाली. आता फरशीचे तुकडे पुष्कळ. पॉलिश केलेले, एकाच जाडीचे, कडेला कापणीच्या यंत्राची सरळ रेघ असलेले. ते एकावर एक बसतात चांगले, पण गुळगुळीत असल्यामुळे चेंडूचा वारा लागला तरी घसरतात. म्हणून तळाला अजूनही डोंगरातली कपचीच ठेवतात, तिच्यावर कोठून तरी मिळालेला कौलाचा एखादा तांबडा तुकडा, आणि त्यावर फरशी. सातवा, सर्वांत वरचा थर बहुधा लहानसा दगडच असतो, आणि तो ठेवायचा मान कच्च्या लिंबाला देतात.